परतीची फळी

१० मे २०२४, अणदूर

लाकडाचा व्यापारी दर वर्षी देतो ती डायरी जानेवारीपासून कोरी पडली होती. आज अक्षय तृतीया, म्हणून तिचा मुहूर्त केला. दाराखिडक्यांची मापं मी कधी लिहून ठेवत नाही, डोक्यात राहतात. हे नवं काम मात्र डोक्यात मावणारं नाही. मी नाव बांधणार आहे. लाकडाची, शिडाची.

आमच्या जिल्ह्यात पाण्याचं वाहन म्हणजे टँकर, त्यामुळं लोक हसणार हे धरूनच चाललो आहे. माझ्या सुतारकामाच्या कारखान्यातल्या दोघा कारागिरांना सांगितलं तर ते एकमेकांकडं बघायला लागले.

कारण लिहून ठेवतो. अव्वा, म्हणजे माझी आई पार्वतम्मा, तलावाच्या पलीकडच्या काठावर शेतवस्तीवर एकटी राहते. पंचाहत्तरी उलटली आहे. दोन म्हशी, काही शेळ्या आणि वडिलांच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळातली काहील, म्हणजे उसाचा रस कढवायची ती थोरली लोखंडी कढई, एवढा तिचा संसार. उन्हाळ्यात मी मोटारसायकलवर तलावाला वळसा घालून जातो. पावसाळ्यात शेवटचा गाडीरस्ता काळ्या मातीत जातो आणि चाकाला चिखल असा बसतो की गाडी जागची हलत नाही. गेल्या श्रावणात अव्वा गोठ्यात घसरून पडली. शेजारच्या वस्तीवरच्या हरणाबाईनं फोन केला, तरी मला पोचायला दुसरा दिवस उजाडला. समोरच्या काठावरून मला आमचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं आणि जाता येत नव्हतं. ते मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून माझी बायको शिवलीला आणि सोलापूरची बहीण सत्यभामा दोघींनी एकच धोशा लावला आहे, अव्वाला अणदूरला आणा. शिवलीला म्हणते, आपला खंडोबासुद्धा एका गावात बसून राहत नाही, काही दिवस नळदुर्गला जातो, मग आत्यांनाच (सासूला ती आत्या म्हणते) गाव बदलायला काय झालं? हे मी अव्वाला सांगितलं तेव्हा ती शेळीचं दूध काढत होती. मान वर न करता म्हणाली, "द्येव जातो, पण करार करून जातो. परत येतो. मला परत कोण आणणार हाय?"

म्हणून नाव.

शेवटी दोघींशी असं ठरलं: ऐन पावसाळ्यात मी नावेनं पलीकडं जाऊन त्याच दिवशी परत येऊ शकलो, एकदा नाही, दर वेळी, तर अव्वा तिथंच राहील. नाही जमलं तर दसऱ्याला तिला इकडं आणायचं आणि म्हशी विकायच्या. अव्वाला यातलं काही सांगायचं नाही, धसका घेईल, हेही ठरलं.

२६ मे

मोबाईलवर नावांचे व्हिडिओ बघून डोळे दुखायला लागले. सगळ्या समुद्राच्या नावा. खाली खोल, टोकदार. आमच्या तलावात तसली नाव पहिल्याच दिवशी अडकेल, कारण पाण्याखाली जुन्या बाभळींची खोडं उभी आहेत आणि काठाला उतार नाही, नुसता गाळ. इंजिनाचंही तेच. मासेवाल्यांनी एक आणलं होतं, त्याचा पंखा बाभळीत मोडून ते पडून आहे.

म्हणून माझी नाव सपाट तळाची, रुंद, वीतभर पाण्यात तरंगणारी. लुगडं नेसलेल्या बाईला कुणाचा हात न धरता चढता आलं पाहिजे. शेळीनं उडी मारली तरी कलंडता कामा नये. आणि चालवायला वारा, ज्याला आमच्याकडं तोटा नाही. आषाढात तर तो पश्चिमेकडून असा सुटतो की दोरीवरचं धोतर शेजारच्या गावात शोधावं लागतं.

नकाशा शिवलीलाला दाखवला. तिनं बराच वेळ बघितला आणि विचारलं, "ही नाव आहे की देवघर?" बायको कौतुक करेल अशी अपेक्षा ठेवणाऱ्यानं लग्न करू नये.

१६ जून

तळाला कडुलिंब, बरगड्यांना बाभूळ, बाजूंना वडिलांच्या बैलगाडीच्या सागवानी फळ्या. सांध्यांत जवसाच्या तेलात आणि राळेत भिजवलेला कापूस ठोकून बसवला. माझ्या हातची नाव गळणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवलं आहे.

शिडाचं कापड मंडपवाल्या हिंमतरावांनी दिलं. जुनी कनात आहे, लाल-पिवळ्या पट्ट्यांची, मधोमध 'सुस्वागतम्' लिहिलेलं. अक्षरं घासून बघितली, जात नाहीत. हिंमतराव म्हणाले, राहू द्या, कुठंही गेलात तरी मान मिळेल.

२३ जून

काल शनिवार, कारखाना बंद. ट्रॅक्टरवर घालून नाव काठाला नेली. बघायला निम्मं अणदूर. शिवलीलानं नावेच्या दोन्ही बाजूंना टायरच्या ट्यूबा बांधायला लावल्या, त्यामुळं शोभा गेली, पण नाव सुटली. शीड उघडताच वाऱ्यानं असं ढकललं की मागून ओरडणारी माणसं क्षणात लहान झाली. खाली पाणी चुळबुळत होतं. सुकाणू धरून मी मोठ्यानं हसत होतो. बावन्न वर्षांच्या माणसानं असं हसावं का, माहीत नाही.

अव्वा काठावर उभी होती. तिनं लांबूनच शीड पाहिलं होतं. तिला वाटलं, कुणाच्या तरी लग्नाचा मांडव वाऱ्यानं उडून आला. घरात गेलो तर तव्यावर भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ताक, सगळं तयार. शीड दिसल्यावर पीठ मळायला घेतलं म्हणाली.

आता खरं लिहायचं तर, परत येता आलं नाही. वारा समोरून. शीड तिरकं धरून आडवं-तिडवं यायचं असतं, तुळजापूरच्या घाटात एसटी जशी वळणं घेत चढते तसं, हे मी व्हिडिओत शिकलो होतो. पण नाव पुढं जाण्याऐवजी आडवी घसरत पुन्हा अव्वाच्या दारात. असं चार-पाच वेळा झालं. अव्वा काठावर बसून बघत होती. शेवटी म्हणाली, आता राहा.

रात्री तिनं वडिलांच्या गुऱ्हाळाच्या गोष्टी काढल्या. पूर येऊन ओढा अडला की ती काहिलीत बसून पलीकडं जायची म्हणे, हातात एक पळा घेऊन. "काहील गरागरा फिरत्या, पर बुडत न्हाय," म्हणाली. मला झोप आली होती, ती बोलतच होती. पहाटे वारा पडला तेव्हा वल्ही मारत परत आलो. खांदे मोडले.

शिवलीला म्हणाली, दोघंही तिकडं अडकलात तर मी कुणाकुणाची काळजी करू?

१ जुलै

परत गेलो, परत अडकलो. दोष शिडाचा आहे. हिंमतरावांची कनात सैल आहे.

५ जुलै

दोष शिडाचा नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं, तसं झालं होतं.

आज रस्त्याकडेच्या शेतात एकाचा नांगर चालला होता. बैल ओढ खात होते, एक जोराचा, एक मरतुकडा, तरी तास सरळ पडत होतं. कारण फाळ जमिनीत रुतलेला. माझ्या नावेला फाळच नाही. सपाट तळ पाण्यावरून परातीसारखा सरकणारच.

तळात मधोमध फट पाडायची, तिच्याभोवती पाणी वर येऊ नये म्हणून उंच अरुंद पेटी बसवायची आणि पेटीतून एक फळी खाली पाण्यात सोडायची. बाभळीच्या खोडाला लागली तर वर उचलून घ्यायची. उथळ पाण्यात काढून ठेवायची. असंच असतं म्हणे जगभर. मला ते व्हिडिओत दिसलं होतं, पण मी ते बसायचं बाक समजलो.

चांगल्या नावेला भोक पाडताना कारागीर माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होते, ते लिहीत नाही.

२१ जुलै

पेटी इतकी सुरेख बसली होती की कागद सरकणार नाही. फळीही तशीच, दाराच्या चौकटीत दार बसावं तशी. जाताना ती लागतच नाही, मागून वारा असला की नाव नुसती पळते. परत निघताना फळी खाली ढकलली तर निम्म्यातच घट्ट. वर येईना, खाली जाईना. लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं. पावसाळ्यात दारं धरतात म्हणून दर गिऱ्हाईकाला सूट ठेवायला सांगणारा मी, आणि स्वतःच्या फळीला सूतभर सूट ठेवली नाही.

रात्र अव्वाकडं. तिनं हरणाबाईकडून वांगी आणून भरून केली होती. माझा मूड गेलेला बघून म्हणाली, फळी अडकली तर अडकली, पोट तर अडकलं न्हाय. मी तिच्यावर चिडलो. तुला याचं काही नाही, म्हणालो. ती हसली.

सकाळी निघताना मी "जातो" म्हटलं. तिनं नेहमीसारखं अडवलं. "जातो न्हाय. बरतीन अन्नु." येतो म्हण. आमच्या घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी, पण दोन्हींत निघणारा माणूस येतो असंच म्हणतो. मी घाईत होतो. हात हलवला.

९ ऑगस्ट, नागपंचमी

जमलं!

फळी रंधून तासून घेतली, मोकळी केली, तेल पाजलं. सकाळी गेलो, अव्वाच्या हातची पुरणाची दिंडं खाल्ली आणि दुपार कलल्यावर निघालो. फळी खाली सोडली, शीड ओढून तिरकं केलं आणि नाव वाऱ्याच्या तोंडावर चढायला लागली. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. प्रत्येक वळणाला अणदूरचा काठ थोडा जवळ. डोळ्यांत पाणी आलं, वाऱ्यानं असेल. अंधार पडायच्या आत मी या काठाला होतो आणि शिवलीला तिथं उभी होती. तिनं नावेला हळदकुंकू लावलं. आधी देवघर म्हणाली होती, त्याची आठवण मी करून दिली नाही. मोठेपणा म्हणतात तो हाच.

पण ती फसणारी नाही. म्हणाली, एकदा आलात. दर वेळी या, मग मी आणि सत्यभामा वन्सं मानू.

अव्वाबद्दल एक लिहायचं राहिलं. मी फळी बसवत होतो तेव्हा ती नावेपाशी येऊन वाकून बघत होती. विचारलं, "ह्या फळीनं परत जाता येतं व्हय?" मी उत्साहानं सगळं समजावून सांगितलं, फाळाचं, वाऱ्याचं, फळी नसली तर नाव कशी जागीच घसरते, सगळं. तिनं फळीवरून हात फिरवला आणि चांगलं झालं म्हणाली. म्हाताऱ्या माणसांना यंत्राचं एवढं कौतुक नसतं. तिला आहे, याचा मला अभिमान वाटला.

१८ ऑगस्ट

फळी गेली.

काल जाताना नावेतच होती, आडवी ठेवलेली. काठाला लागल्यावर घरात गेलो. अव्वानं काल आग्रहानं आत, चुलीपाशी जेवायला बसवलं, एरवी आम्ही ओट्यावर बसतो. मध्येच ती शेळ्यांना पाणी दाखवायला म्हणून उठून गेली, तेवढ्यात मी दुसरी भाकरी संपवली. बाहेर येऊन बघतो तर फळी नाही.

काठभर शोधली. अव्वाही माझ्याबरोबर शोधत होती. वाऱ्यानं उडाली असेल म्हणाली. एवढी जड फळी उडेल असा वारा असता तर आधी पत्रा उडाला असता. हरणाबाईच्या कुत्र्यावर माझा संशय आहे. त्याला चपलाही पळवायची सवय आहे.

मुक्काम. अव्वानं शेवयांची खीर केली होती. शेवया आधीपासून भिजवलेल्या कशा होत्या, कोण जाणे. शेवया भिजवत नाहीत, भाजतात, असं शिवलीला आत्ता म्हणाली. मग भाजलेल्या असतील.

२५ ऑगस्ट

नवी फळी केली, आधीपेक्षा सरस. काल तीही गेली.

आता कुत्रा सुटला. हे माणसाचं काम आहे. मासेवाल्यांचा राग असणार, माझ्या नावेनं त्यांची जाळी हलतात. मी काठावर उभा राहून पाण्याकडं बघत चार शब्द ऐकवले. ऐकायला तिथं एक बगळा होता. अव्वा म्हणाली, कुणाला शिव्या देऊ नको बाबा, ज्यानं न्हेली त्याची काय तरी नड असंल. तिचा हा स्वभावच आहे, चोरालाही पदरात घेते.

आणखी एक पाहिलं. काहील नेहमी गोठ्याच्या भिंतीपाशी उताणी असते, म्हशी तिच्यातलं पावसाचं पाणी पितात. काल ती पालथी होती. विचारलं, तर डास होतात म्हणाली, हरणाबाईला हाताशी घेऊन पहारीनं उलटी केली. या वयात असली कामं करू नकोस म्हणून मी रागावलो. पडली म्हणजे?

रात्री तिला बरीच वर्षं न सांगितलेली एक गोष्ट सांगितली, माझा मुलगा पुण्याहून फोन करतो तो फक्त शिवलीलाला, मला नाही. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, तू बी तसाच हुतास. मी झोपल्याचं सोंग केलं.

२७ ऑगस्ट

शिवलीलानं सत्यभामाला फोन लावून मोबाईल मध्ये ठेवला. दोघींचं म्हणणं एकच: नाव पोचवते, पण आणत नाही. फळ्या हरवतात, अडकतात, उद्या सुकाणू हरवेल. माणसाचा जीव फळीवर टांगून ठेवायचा का? मी म्हटलं, अजून दसऱ्याला वेळ आहे. सत्यभामा रडायला लागली. गेल्या वर्षी अव्वा गोठ्यात पडून होती तेव्हा तिनंही सोलापुरात रात्र बसून काढली होती, हे मला माहीत नव्हतं.

म्हशींना गिऱ्हाईक बघायला सांगितलं आहे. अव्वासाठी मागची खोली रिकामी करायची. शिवलीलानं तिथल्या खिडकीला नवी जाळी बसवायला सांगितली, आत्यांना वारा लागतो म्हणाली. ती वाईट नाही. माझी नावच वाईट आहे.

७ सप्टेंबर

गणपती बसले. तीन देवघरांची कामं उरकायची होती. काठाला गेलो नाही. फोनवर अव्वानं विचारलं, कनात कधी येणार? ती नावेला कनात म्हणते. कामात आहे म्हणून सांगितलं.

१३ सप्टेंबर

उद्या जाऊन सांगायचं. शिवलीला म्हणाली, दसऱ्याला एकदम गाडी दारात नेऊन उभी करण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं. रस्ता अजून बंदच आहे, म्हणून नावेनंच जाईन. फळी करायला घेतली नाही. आता कशाला?

१५ सप्टेंबर

काल जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

अव्वा काठावर उभी होती. तिनं आधी नावेत डोकावून बघितलं. फळी न्हाय आणली? मी नाही म्हटलं. तिचा चेहरा खुलला, आणि मला ते बघवेना. जेवायच्या आधीच सांगून टाकलं. दसऱ्याला तुला अणदूरला न्यायचं ठरलंय, म्हशींना गिऱ्हाईक येणार आहे, मागची खोली तयार आहे. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग विचारलं, असं एकाएकी काय झालं? मी म्हटलं, एकाएकी नाही, वैशाखातच ठरलं होतं. नाव दर वेळी परत आली तर तू इथंच राहायचं होतंस. नाव आली नाही.

भाकरी तव्यावर करपली. माझ्या आठवणीत अव्वाची भाकरी कधी करपलेली नाही.

ती उठली आणि बाहेर गेली. थोड्या वेळानं हाक आली, "शंभू, हितं ये. हात लाव." गोठ्याच्या भिंतीपाशी ती पहार घेऊन उभी होती. मी काहिलीची कड उचलली. खाली कोरडं पोतं अंथरलेलं, आणि पोत्यावर माझ्या दोन्ही फळ्या. उन्हात धरल्या तर चमकत होत्या. तिनं त्यांना जवसाचं तेल लावून ठेवलं होतं, तडकू नयेत म्हणून.

आधी मला कळलंच नाही. अव्वाला या सापडल्या कुठं, असंच मनात आलं, इतका मी हुशार. मग कळलं. राग आला. मग हसू आलं. मग दोन्ही गेलं आणि मी तसाच काहिलीची कड धरून उभा राहिलो.

"मला काय म्हाईत रं," ती म्हणाली, "माझं घरच ह्या फळीवर हाय म्हणून. मला वाटलं, ही नुसती तुला न्यायला येत्या."

मग रागावली, माझ्यावरच. अगोदर सांगायचं न्हाय? मी काय ल्हान पोर हाय? तिचं खरं होतं. तिच्या घराचा निकाल आम्ही तिघांनी लावायला घेतला आणि तिलाच विचारलं नाही. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, बरं, ते राहू दे, आता ऊठ.

मी म्हटलं, जेवतो, रात्री थांबतो, सकाळी जाऊ. तिनं ऐकलं नाही. वारं हाय तवर नीघ, शिवलीलाला आजच्या आज दिसू दे, म्हणाली. माझ्या पाहुणचारासाठी दोन फळ्या लपवणारी बाई मला दारातून हाकलत होती. भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या, करपलेली स्वतःला ठेवली. फळी स्वतः उचलून आणली आणि पेटीत कशी घालायची तेही बरोबर धरलं. मी तिला नागपंचमीला शिकवलं होतं ना.

नाव पाण्यात लोटली तेव्हा मी येतो म्हणालो. तिनं सांगायच्या आत.

वारा तिखट होता. प्रत्येक वळणाला मी मागं बघत होतो. ती काठावरच होती. अणदूरच्या बाजूला लागलो तेव्हा पलीकडं ती दिसत नव्हती, पण छपरावरून चुलीचा धूर निघाला होता.

१९ सप्टेंबर

शिवलीलाला सांगितलं, फळ्या सापडल्या, गाळात रुतल्या होत्या. काल मुद्दाम आठवड्याच्या मधल्या दिवशी जाऊन आलो, आजही. दोन्ही दिवस दिवेलागणीला घरात. शिवलीलानं स्वतः सत्यभामाला फोन केला. म्हशींच्या गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवलं. दसऱ्याला सत्यभामा येणार आहे, आम्ही सगळे नावेनं तिकडं जाऊ. मागच्या खोलीत आता शीड वाळत घातलं आहे.

मी गावात सगळ्यांना सांगत सुटलो आहे की, फळी हीच नावेची खरी करामत. हिंमतराव म्हणाले, आमची कनात विसरू नका.

२० सप्टेंबर

अव्वानं फोन केला. म्हणाली, दोन रोज येऊन गेलास, बरं वाटलं, काम सोडून येत जाऊ नको. मी दोन्ही दिवस गेलो, पाणी प्यालो आणि वारा आहे तोवर म्हणून निघालो. तिनं पीठ मळायला घेतलं होतं, तसंच झाकून ठेवलं. नाव बरोबर चालते आहे. मला मात्र काल येताना करमलं नाही.

हिशेब असा आहे. दसऱ्याच्या सुमारास वारा फिरतो आणि पूर्वेकडून यायला लागतो. मग फळी जाताना लागेल, येताना वारा आपोआप घरी आणून सोडेल. तेव्हा अडकून पडायला कारण उरणार नाही. पश्चिमेचा वारा अजून थोडेच शनिवार आहे.

आत्ता शिवलीला माझी पिशवी भरते आहे. तिनं तीत चादर घातली, माझ्या शुगरच्या गोळ्या घातल्या, दात घासायचा ब्रश घातला. मी म्हटलं, अगं, मी संध्याकाळी परत येणार आहे. असू द्या, म्हणाली. मग म्हणाली, "गाळात रुतलेल्या फळीला जवसाच्या तेलाचा वास कसा हो येतो?" आणि दिवा घेऊन आत गेली.

उद्या शनिवार. फळी आठवणीनं विसरायची.